आठ सेकंदांनंतर

उधळलेल्या वळूच्या पाठीवर एका हाताने आठ सेकंद टिकून राहणे हा अमेरिकेत काही तरुणांचा पोटापाण्याचा उद्योग आहे. जगज्जेत्या लेन फ्रॉस्टने १९८९ मध्ये ते आठ सेकंद पूर्ण केले, आणि त्यानंतर त्याचा जीव गेला. एका स्वाराच्या छोट्या आयुष्याची, आणि त्याच्या मागे राहिलेल्या मित्रांनी त्या मृत्यूतून काय उभे केले त्याची ही हकीकत.

३० जुलै १९८९, रविवार. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शायेन शहरात ‘फ्रंटियर डेज’ची जत्रा भरली होती. १८९७ पासून चालत आलेली ही जत्रा म्हणजे रोडिओच्या जगातले पंढरपूरच. पावसाने मैदानात चिखल झाला होता. पंचविशीतला लेन फ्रॉस्ट ‘टेकिन केअर ऑफ बिझनेस’ अशा लांबलचक नावाच्या वळूवर बसला. आठ सेकंद पुरे झाल्याचा भोंगा वाजला. पंचांनी ८५ गुण दिले. कामगिरी चोख झाली होती.

लेन वळूवरून उतरला आणि चिखलात पडला. तो सावरतो न सावरतो तोच वळू मागे फिरला आणि त्याने शिंगाने त्याच्या पाठीवर धडक दिली. लेन उठला. चार पावले चालला. खोड्यापाशी उभ्या असलेल्या मित्रांकडे पाहून त्याने मदतीसाठी हात हलवला, आणि पालथा कोसळला. अंगावर दिसण्यासारखी मोठी जखम नव्हती. पण बरगड्या मोडून आत मोठ्या रक्तवाहिनीला इजा झाली होती. तो पुन्हा उठला नाही.

निम्मे गुण वळूचे

हा खेळ आपल्याला अपरिचित, म्हणून आधी त्याची रीत समजून घेऊ. ‘रोडिओ’ हा शब्द मूळ स्पॅनिश. गुरे वेढा घालून एकत्र आणणे असा त्याचा अर्थ. मेक्सिकोतले आणि टेक्सासमधले गुराखी मोसमाच्या शेवटी एकत्र जमत, तेव्हा कोण किती तरबेज याच्या पैजा लागत. उधळ्या घोड्यावर बसणे आणि वासराला फास टाकून बांधणे ही त्यांची रोजची कामे. त्या कामांचेच पुढे खेळ झाले. वळूवर बसणे मात्र कोणत्याच गुराख्याच्या कामात नव्हते. ते प्रथमपासून निव्वळ धाडस म्हणूनच आले, आणि प्रेक्षकांचे सर्वांत लाडके झाले.

वळूचे वजन दीड ते दोन हजार पौंड, म्हणजे साधारण सातशे ते नऊशे किलो. त्याला गजांच्या अरुंद खोड्यात उभे करतात. छातीभोवती वेणीसारखा विणलेला सपाट दोर गुंडाळतात. त्या दोरावर राळ चोळलेली असते, म्हणजे हातमोज्याची पकड घट्ट बसते. दोराला खाली घंटा बांधतात, तिच्या वजनाने स्वार सुटल्यावर दोर आपोआप गळून पडतो. स्वार एक हात या दोरात अडकवतो. दुसरा हात हवेत. त्या मोकळ्या हाताचा वळूला किंवा स्वतःच्या अंगाला स्पर्श झाला की डाव बाद. स्वाराने मान हलवली की फाटक उघडते आणि घड्याळ सुरू होते.

एकूण गुण शंभर. त्यातले पन्नास स्वाराचे आणि पन्नास चक्क वळूचे! वळू किती उंच उसळला, किती वेगाने गरगर फिरला, मध्येच दिशा बदलली का, यावर त्याचे गुण. त्यामुळे गरीब वळू वाट्याला आला, तर स्वार आरामात आठ सेकंद बसूनही मागे पडतो. कोणता वळू कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरते. म्हणून हे स्वार देवाकडे जे मागतात ते सोपे जनावर नव्हे. ते अवघड जनावर मागतात. पोट त्याच्यावरच चालते, आणि जिवाला धोकाही त्याच्याकडूनच असतो.

या जनावरांशी आपले एक जुने नाते आहे, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते. यातल्या बहुतेक वळूंच्या अंगात ‘ब्राह्मन’ या अमेरिकी वाणाचे रक्त असते. पाठीवर वशिंड, गळ्याखाली लोंबती पोळी, लांब कान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून १९२० च्या दशकापर्यंत हिंदुस्थानातून, काही थेट तर काही ब्राझील-मेक्सिकोमार्गे गेलेल्या गुरांपासून हा वाण तयार झाला. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आपल्या कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली ही त्याची पूर्वजमंडळी. टेक्सासच्या उन्हात आणि गोचिडांत टिकणारे जनावर हवे, म्हणून पशुपालकांनी ते नेले. त्याची चपळाई पाहून रोडिओवाल्यांनी ते मैदानात आणले.

गवळ्याचा पोर

लेनचा जन्म १२ ऑक्टोबर १९६३ चा, कोलोरॅडो राज्यातला. वडील क्लाइड फ्रॉस्ट स्वतः रोडिओत उधळ्या घोड्यांवर बसणारे. म्हणजे हे वेड घरातच होते. कुटुंब युटा राज्यातल्या लापॉइंट या छोट्या गावी दुधाचा धंदा करी. पाच-सहा वर्षांचा लेन गोठ्यातल्या वासरांवर बसून पडायला शिकला. पडायला शिकणे हे या विद्येचे पहिले पाऊल.

१९७८ मध्ये फ्रॉस्ट कुटुंब ओक्लाहोमात आले. तिथे लेनला गुरू भेटला. फ्रेकल्स ब्राऊन हा १९६२ चा जगज्जेता. पण त्याचे नाव घराघरात झाले ते १९६७ मध्ये. ‘टोर्नेडो’ नावाच्या वळूने तोवर दोनशेहून अधिक स्वार फेकून दिले होते, आणि एकही त्याच्यावर आठ सेकंद टिकला नव्हता. त्या वळूवर फ्रेकल्स टिकला, तेही वयाच्या ४६ व्या वर्षी. ज्या वयात या धंद्यातली माणसे केव्हाच निवृत्त होऊन गुडघे चोळत बसलेली असतात. वडिलांचे वेड आणि फ्रेकल्सची तालीम यांतून लेन घडला. १९८१ मध्ये तो शाळकरी मुलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेता ठरला, १९८३ मध्ये व्यावसायिक संघटनेचा पूर्ण सभासद झाला, आणि १९८४ पासून सलग पाच वर्षे मोसमाच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेसाठी पात्र ठरला.

डिसेंबर १९८७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, तो जगज्जेता झाला. ते पाहायला फ्रेकल्स मात्र नव्हता. त्याच वर्षी मार्चमध्ये त्याचे निधन झाले होते.

पगार नाही, प्रवास मात्र फार

जगज्जेता म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बंगला-गाडी येते. या धंद्याचा हिशेब वेगळा. क्रिकेटपटूला सामन्याचे मानधन मिळते, मग तो शून्यावर बाद होवो. रोडिओच्या स्वाराला उलट मैदानात उतरण्यासाठी स्वतःच्या खिशातून प्रवेशशुल्क भरावे लागते. ते बक्षिसाच्या रकमेत जमा होते आणि पहिल्या काही क्रमांकांत वाटले जाते. बाकीचे रिकाम्या हाताने परततात. प्रवास, खाणे, मुक्काम, औषधपाणी, सगळे ज्याचे त्याने पाहायचे. हाड मोडून घरी बसले, तर त्या महिन्यांची कमाई शून्य. आणि जगज्जेता कोण? तर वर्षभरात ज्याने सर्वांत जास्त पैसे जिंकले तो. एक डॉलर म्हणजे एक गुण, इतका हा रोखठोक व्यवहार.

१९३६ मध्ये बोस्टनला स्वारांनी याच कारणावरून संप केला होता. प्रवेशशुल्क बक्षिसात मिळवा, ही त्यांची मागणी. संप यशस्वी झाला आणि संघटना उभी राहिली. तिचे नाव त्यांनी ठेवले ‘कासव संघटना’. एकत्र यायला इतकी वर्षे लागली म्हणून हे नाव, असे सांगतात. आजची व्यावसायिक रोडिओ संघटना तिच्यातूनच आली.

जास्त कमवायचे तर जास्त मैदाने गाठायची. चार जुलैच्या अमेरिकी स्वातंत्र्यदिनाच्या आसपास इतक्या गावांत रोडिओ भरतात, की स्वार त्या दिवसांना ‘काउबॉयचा नाताळ’ म्हणतात. दुपारी एका राज्यात, रात्री दुसऱ्या. एकट्याला हा खर्च परवडत नाही, म्हणून तिघे-चौघे मिळून एक गाडी करतात. पेट्रोल वाटून, खोली वाटून, रात्रभर आळीपाळीने गाडी हाकत. लेनच्या गाडीतले सोबती टफ हेडेमन आणि कोडी लँबर्ट. हे तिघे मैदानात एकमेकांचे प्रतिस्पर्धी. पण एकाचा दोर आवळायला दुसरा खोड्यावर चढलेला असायचा. आपल्याच बक्षिसाच्या आड येणाऱ्या माणसाला मदत करणे ही या धंद्यातली जुनी रीत आहे, कारण खाली वळू असतो आणि जीव सगळ्यांचाच तेवढा.

लेनची पत्नी केली हीही रोडिओतलीच. पिंपांभोवती घोडा दौडवण्याच्या शर्यतीत भाग घेणारी. पण बहुतेक स्वारांची लग्ने या भटकंतीत ताणली जातात. फोनची घंटा वाजली की घरातल्या बाईच्या छातीत धस्स होते, हे कोणत्याही देशातल्या जोखमीच्या धंद्यातल्या बायकांना सांगायला नको.

रेड रॉक

लेनच्या आयुष्यातला सर्वांत सुंदर अध्याय जगज्जेतेपदाचा नव्हे, ‘रेड रॉक’ या वळूचा आहे. १९८७ चा हा सर्वोत्कृष्ट वळू. ३०९ वेळा त्याच्या पाठीवर स्वार बसला आणि ३०९ वेळा तो आठ सेकंदांच्या आत खाली आला. विशेष म्हणजे रेड रॉक दुष्ट नव्हता. स्वाराला फेकल्यावर तो त्याच्या अंगावर धावून जात नसे. जणू आपले काम संपले अशा थाटात चालू लागे. १९८७ च्या अखेरीस तो अपराजित निवृत्त झाला.

जगज्जेता माणूस एकीकडे, अजिंक्य वळू दुसरीकडे. मालक जॉन ग्राउनी यांनी रेड रॉकला निवृत्तीतून बाहेर काढले. १९८८ मध्ये पश्चिमेच्या वेगवेगळ्या मैदानांत दोघांच्या सात लढती ठरल्या. पहिल्या दोन्ही रेड रॉकने जिंकल्या. मग मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या रेडिंगला लेन पहिल्यांदा त्याच्यावर आठ सेकंद टिकला. लढतींचा शेवट लेन चार, रेड रॉक तीन असा झाला. १९९० मध्ये रोडिओच्या मानकऱ्यांच्या दालनात दोघांची नावे एकाच वर्षी लागली. तेव्हा रेड रॉक आपल्या कुरणात चरत होता. लेन नव्हता.

मित्रांनी काय केले

लेनला ओक्लाहोमातल्या ह्यूगो येथे, त्याच्या गुरूच्या, फ्रेकल्स ब्राऊनच्या थडग्याजवळ पुरले. मित्र पुन्हा गाडीत बसले. दुसरा उद्योग त्यांना येत नव्हता.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लास व्हेगासच्या अंतिम स्पर्धेत टफ हेडेमनने जगज्जेतेपद पटकावले. शेवटच्या वळूवर आठ सेकंद झाले, भोंगा वाजला. टफ उतरला नाही. आणखी आठ सेकंद तो बसून राहिला. ते लेनचे होते. त्यांना गुण नव्हते की बक्षीस नव्हते. पुढे त्याने आपल्या मुलाचे नावही लेन ठेवले.

कोडी लँबर्टने वेगळी वाट धरली. शिंगाचा तो एक धक्का जर छातीभर विखुरला असता, तर लेन वाचला असता का, या प्रश्नाने त्याला पछाडले. शर्यतीतले जॉकी अंगात संरक्षक जाकीट घालतात, हे त्याने पाहिले होते. त्यावरून १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने वळूस्वारांसाठी जाकीट तयार केले. मार एका जागी न बसता पसरावा, हे त्याचे तत्त्व. गड्यांच्या या जगात आधी त्याची थोडी थट्टा झाली असणार; पण बघता बघता ते सगळ्यांच्या अंगात आले आणि नियमच झाला. आज जाकिटाशिवाय व्यावसायिक वळूस्वार दिसत नाही.

तिसरी गोष्ट घडली ती पैशांची. १९९२ मध्ये विसेक स्वारांनी प्रत्येकी एक हजार डॉलर काढून स्वतःची संस्था स्थापन केली. तिचे नाव ‘प्रोफेशनल बुल रायडर्स’. बाकीचे खेळ बाजूला ठेवून फक्त वळूस्वारी दाखवायची, ती दूरचित्रवाणीवर न्यायची आणि मिळकत स्वारांच्या हाती ठेवायची, हा त्यामागचा विचार. टफ आणि कोडी हे दोघेही संस्थापकांत होते. १९९४ चा त्यांचा पहिलावहिला विजेता अमेरिकी नव्हे, तर ब्राझीलचा एद्रियानो मोराएस. पुढे २००१ आणि २००६ मध्येही त्यानेच बाजी मारली. त्याच्या पावलावर पाऊल ठेवून ब्राझीलच्या खेड्यांतली कितीतरी पोरे टेक्सासला आली. नंतर विजेत्याला दहा लाख डॉलरचे बक्षीस मिळू लागले. त्याच १९९४ मध्ये लेनच्या आयुष्यावर ‘एट सेकंड्स’ हा चित्रपट निघाला, आणि रोडिओ कधी न पाहिलेल्या शहरी मुलींनीही रुमाल ओले केले.

टोपी उंचावून नकार

धाडसाला मर्यादा असते का? याचे उत्तर टफ हेडेमननेच दिले. ‘बोडेशियस’ हा पिवळसर रंगाचा वळू नव्वदच्या दशकात दहशत बनला होता. स्वार पुढे झुकला की तो डोके मागे झटकून त्याच्या तोंडावर हाणी. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये, विजेतेपदाच्या अंतिम स्पर्धेत, त्याने टफच्या चेहऱ्याची हाडे अक्षरशः चुरडली. शस्त्रक्रियांनी तो चेहरा पुन्हा बांधावा लागला. त्या वर्षीचे विजेतेपद मात्र टफचेच.

अवघ्या दोन महिन्यांनी, डिसेंबरच्या राष्ट्रीय अंतिम स्पर्धेत, टफच्या नावाने चिठ्ठी निघाली ती पुन्हा बोडेशियसची. पुन्हा हा वळू आला तर बसायचे नाही, असा शब्द लहानग्या लेनने बापाकडून घेतला होता, असे सांगतात. फाटक उघडले. वळू एकटाच बाहेर पडला. टफने टोपी उंचावून त्याला निरोप दिला. त्याच स्पर्धेत आणखी एका स्वाराचा चेहरा बोडेशियसने फोडला, तेव्हा मालकानेच त्याला निवृत्त केले. टफने कारकिर्दीत शेकडो वळूंवर बैठक मारली. पण न मारलेली ही एक बैठक त्याच्या शौर्यात मोजायला हवी.

मुक्या जनावराची बाजू

वाचकांच्या मनात एव्हाना एक प्रश्न आला असेल. त्या वळूचे काय? कुशीभोवती, मागच्या पायांच्या पुढे, एक पट्टा आवळतात. त्यामुळे वळू मागचे पाय अधिक झाडतो. हा पट्टा वृषणांना बांधतात असा समज आहे, तो खरा नाही. नामांकित वळूंची किंमत आणि वंशावळ मोठी असते, त्यांना उत्तम खुराक मिळतो, काम काही सेकंदांचे असते, हे मालकांचे म्हणणे. प्राणिप्रेमी म्हणतात की पट्टा हा पट्टाच. करमणुकीसाठी जनावराला बिथरवायचे कशाला? ब्रिटनने १९३४ मध्येच कायद्याने असले खेळ बंद केले.

आपल्याकडे हा वाद नवा नाही. जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. पुढे राज्यांनी कायदे बदलले आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने ते मान्य केले. घाटात बैल पळताना पाहून ज्यांचे रक्त सळसळते आणि ज्यांना ते बघवत नाही, अशी दोन्ही माणसे एकाच गावात, कधी एकाच घरात असतात. रोडिओच्या गावांतही तसेच आहे.

जाकिटाच्या पलीकडे

लँबर्टच्या जाकिटाने किती जीव वाचवले याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही. पण त्याने सगळे संपले असे नाही. जानेवारी २०१९ मध्ये डेन्व्हरला मेसन लोव या स्वाराच्या छातीवर वळूचा पाय पडला. जाकीट अंगात होते. तरी तो वाचला नाही. वय २५, म्हणजे लेनएवढेच.

काही मार तर बाहेरून दिसतच नाहीत. कॅनडाचा टाय पोझोबॉन हा २०१६ चा तिथला विजेता. डोक्याला वारंवार हिसके बसत गेले. जानेवारी २०१७ मध्ये, पंचविसाव्या वर्षी, त्याने आयुष्य संपवले. मृत्यूनंतर त्याच्या मेंदूची तपासणी झाली, आणि मुष्टियोद्ध्यांत आढळणारा मेंदूचा जुनाट विकार व्यावसायिक वळूस्वारात प्रथमच सिद्ध झाला. तपासणी त्याच्या घरच्यांनी करू दिली, म्हणून ते कळले. हेल्मेटची सक्ती त्याआधी २०१३ मध्ये आली होती, तीही फक्त ऑक्टोबर १९९४ च्या मध्यानंतर जन्मलेल्यांपुरती. काउबॉयची टोपी काढून डोक्यावर हेल्मेट चढवायला जुन्यांचे मन घेत नव्हते.

जे. बी. मॉनी हा त्या जुन्या टोपीवाल्यांपैकी. २०१३ आणि २०१५ चा विजेता, सत्तर लाख डॉलरहून अधिक कमावणारा. सप्टेंबर २०२३ मध्ये आयडाहो राज्यातल्या लुईस्टन येथे ‘आर्क्टिक असॅसिन’ या वळूने त्याला फेकले आणि त्याची मान मोडली. शस्त्रक्रिया झाली, कारकीर्द तिथेच थांबली. मग मॉनीने काय करावे? त्याने तोच वळू आपल्या रानावर आणून ठेवला. आपल्याला निवृत्त करणाऱ्याला आपणही निवृत्ती द्यावी, असा काहीसा हिशेब.

या माणसांना वेडे म्हणणे सोपे आहे. पण त्यांच्यापैकी कोणी वळूला शत्रू म्हणत नाही, हे लक्षात घ्यावे. निम्मे गुण त्याचे, निम्मे आपले. तो चांगला म्हणून आपण चांगले. त्यांची खरी परीक्षा भोंगा वाजल्यावर सुरू होते. दोर सोडायचा, नीट पडायचे, उठायचे, आणि खोड्यापाशी आपल्यासाठी कोणी उभे आहे ना ते पाहायचे. लेनने हात हलवला तेव्हा मित्र धावले, पण उपयोग झाला नाही. त्यानंतर त्यांनी जाकीट शिवले, संस्था उभारली, मुलाला नाव दिले, आणि एकदा वळूला टोपी उंचावून जाऊ दिले. एका मित्राच्या हाकेला इतकी वर्षे ओ देत राहणे सोपे नाही. आठ सेकंदांचे विक्रम मोडतील; पण या खेळाची खरी मोठी माणसे मोजायची, तर ती आठ सेकंदांनंतर मोजावी लागतील.